लॉनमधली हिरवी बुरशी : सोसायटी कमिट्यांना एका माळ्याचं खुलं पत्र

प्रति,
नवी मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटीचे सर्व सदस्य

नमस्कार.

मी करावे गावचा. गेली १९ वर्षं नेरूळ, सीवूड्स, बेलापूर या पट्ट्यात सोसायट्यांच्या बागांची कामं घेतो. चार माळी, एक टेम्पो, दोन गवतकापणी मशीन एवढा माझा पसारा. हे पत्र खरं तर एकाच कमिटीला लिहायला घेतलं होतं. पण तिथे जे झालं ते थोड्याफार फरकाने आणखी तीन ठिकाणी झालंय, आणि एका सोसायटीचं नाव घेतलं की बाकीचे सुटले म्हणून बसतात. त्यामुळे नाव कुणाचंच घेत नाही. ज्यांचं त्यांना कळेल.

आधी काय झालं ते सांगतो.

यंदा जुलैच्या सुरुवातीला त्या सोसायटीच्या मोठ्या लॉनवर पिवळे चट्टे दिसायला लागले. पाणी कमी पडलं म्हणावं तर पाऊस धो धो. चट्ट्याच्या कडेला बोटं घालून गवत ओढलं तर सतरंजी उचलावी तसं वर आलं. मुळंच नव्हती. खुरप्याने चार बोटं माती उकरली, वीतभर जागेत सात अळ्या मोजल्या. पांढऱ्या, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, डोकं तपकिरी. हुमणी. उसाच्या शेतकऱ्याला विचारा, नाव काढलं तरी कपाळावर आठ्या येतात. वळवाचे पाऊस पडले की तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बोरीवर बसून पाला खातात आणि मग मातीत अंडी घालतात. लॉनला उन्हाळाभर पाणी असतं, त्यामुळे त्यांना तर पंचतारांकित सोय.

अळ्या अजून लहान होत्या, म्हणजे वेळ योग्य होती. मोठ्या झाल्यावर त्या कशालाही दाद देत नाहीत. मी मेटारायझियम नावाची मित्रबुरशी, म्हणजे किडीला मारणारी बुरशी, आणली, गांडूळखतात कालवली, ओलं पोतं झाकून आठवडाभर सावलीत मुरवली. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी रिमझिम चालू असताना, लॉनभर काट्याने भोकं पाडून ते खत पसरलं. सचिवांना तोंडी सांगितलं, "साहेब, तीन आठवडे काही दिसणार नाही, थांबा." ते हो म्हणाले.

अठराव्या दिवशी गटारी होती. सकाळी फिरायला निघालेल्या एका सदस्याला कावळ्यांनी उकरलेल्या मातीत काही अळ्या दिसल्या. मेलेल्या, कडक झालेल्या, अंगावर हिरवी भुकटी. त्यांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला : लॉनमध्ये विषारी बुरशी, मुलांना खाली सोडू नका. मी तेव्हा मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा होतो. फोन आला, तो थेट स्पीकरवर. पाच जण एकदम बोलत होते. मी सांगत होतो की साहेब, तो रोग नाही, ते औषध लागू पडलंय. पलीकडून विचारलं गेलं, "म्हणजे बुरशी तुम्हीच टाकलीत?" मी हो म्हणालो. तिथेच माझा निकाल लागला.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला पेस्ट कंट्रोलवाला आला. आधी बुरशीनाशक ओतलं, त्यावर क्लोरपायरीफॉस हे रासायनिक कीटकनाशक. दुपारी दोनला पाऊस आला आणि निम्मं तरी वाहून मागच्या नाल्यात गेलं. माझं कंत्राट त्याच संध्याकाळी एका ओळीच्या सर्क्युलरने रद्द झालं. त्यात शब्द होता "अशास्त्रीय प्रयोग".

या शब्दाबद्दल बोलायलाच हवं.

रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी १८७९ साली ओडेसाकडे गव्हाची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर हीच हिरवी बुरशी पाहिली आणि ती मुद्दाम वाढवून किडीवर सोडता येईल असं मांडलं. त्या अळ्या आपल्या हुमणीच्या नात्यातल्याच. पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी, शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीच्या. त्याच्याही आधी, १८३५ साली, इटलीत ॲगोस्तिनो बास्सी यांनी रेशमाचे किडे पांढरे, खडूसारखे होऊन का मरतात ते शोधलं. कारण निघालं एक बुरशी. तिला पुढे त्यांच्याच नावावरून बिव्हेरिया बॅसियाना म्हणायला लागले. आज कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ती पुड्यात मिळते. म्हणजे तुम्ही ज्या फोटोला घाबरलात, तसलं चित्र माणसांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी बघून वहीत नोंदवून ठेवलंय.

ही बुरशी मारते कशी, तेही सांगतो, कारण ते कळलं की वाट बघणं सोपं जातं. रासायनिक विषांपैकी बरीचशी किड्याच्या नसांवर घाव घालतात, तासाभरात तो पाय झाडायला लागतो. बुरशीचं तसं नाही. तिचा बीजाणू, म्हणजे डोळ्याला न दिसणारं बी, किड्याच्या कातडीला चिकटतो. हवेत ओल असेल तर रुजतो, कातडी विरघळवणारी विकरं सोडतो आणि आत शिरतो. किड्याने काही खावं लागत नाही, म्हणून रस शोषणाऱ्या किडींवरही ती चालते. आत गेल्यावर ती किड्याच्या रक्तात वाढते. पानावरचा लहान किडा चार ते सात दिवसांत मरतो, मातीतल्या हुमणीला आठवडे लागतात. मेल्यानंतर दमट हवा मिळाली की बुरशी पुन्हा कातडी फोडून बाहेर येते. बिव्हेरिया असेल तर पांढरी, मेटारायझियम असेल तर हिरवी. त्या भुकटीतून नवे बीजाणू सुटतात आणि शेजारच्या अळीला लागतात. तुम्ही जी हिरवी अळी पाहिलीत ती पुढच्या अळ्यांचं औषध अंगावर घेऊन पडली होती. तिच्यावरच बुरशीनाशक ओतलंत.

एक कबुली मात्र द्यायला हवी. मी गेटवर बोर्ड लावायला हवा होता. "लॉनवर मित्रबुरशी टाकली आहे, हिरव्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका" एवढ्या दोन ओळी लिहायला मला काय झालं होतं? एका सचिवाला तोंडी सांगितलं म्हणजे दोनशे घरांना कळलं, असं मी धरून चाललो. ती चूक माझी.

आता तुमच्याबद्दलच्या तक्रारी.

पहिली, वेळेची. तुमच्या सगळ्या कंत्राटांत लिहिलेलं असतं : फवारणी सकाळी ९ ते दुपारी १. का, तर सुपरवायझरची ड्यूटी तेवढीच. या बुरशांचे बीजाणू उन्हातल्या अतिनील किरणांनी काही तासांत निकामी होतात. अकरा वाजता मारलेली बिव्हेरिया म्हणजे नाल्यात ओतलेले पैसे. ती संध्याकाळी, सूर्य कलल्यावर मारायची असते, रात्रभर तिला ओल मिळते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात मे महिन्यात भर दुपारी मारून मोकळा झालो होतो आणि नंतर गावभर सांगत फिरलो की जैविक औषधं थोतांड आहेत. २५ ते ३० अंश तापमान आणि भरपूर दमटपणा हे तिचं हवामान. जून ते सप्टेंबर नवी मुंबई तिला फुकटात ते देते. त्या चार महिन्यांत तुम्ही मला सकाळची वेळ देता.

दुसरी तक्रार साठवणुकीची. बुरशीचा पुडा जिवंत असतो. तो तुम्ही पंपरूममध्ये, पत्र्याच्या वॉचमन केबिनच्या माळ्यावर, एका ठिकाणी तर मीटररूममध्ये फिनेलच्या कॅनशेजारी ठेवायला लावता. एप्रिलमध्ये तिथे हात लावला तर पत्रा चटका देतो. पुड्यावर ग्रॅममागे १० कोटी बीजाणू लिहिलेले असतात, नियमाने निदान तेवढे लागतात. उन्हाळाभर पत्र्याखाली राहिल्यावर त्यातले किती जगले ते कुणी बघतं का?

मी बघतो. कसं, ते सांगतो, तुम्हालाही जमेल. अर्धा कच्चा भात शिजवायचा, निवला की जाड पिशवीत मूठभर भरायचा, पिशवी पुन्हा वाफवून घ्यायची. थंड झाल्यावर पुड्यातली चिमूटभर भुकटी टाकायची, तोंड कापसाने बंद करायचं आणि सावलीत ठेवायची. आठवडाभरात मेटारायझियम असेल तर भातावर आधी पांढरी लव येते आणि मग शेवाळी हिरवा रंग चढतो. बिव्हेरिया पांढरीच राहते, मैदा भुरभुरल्यासारखी. काही उगवलं नाही तर पुडा मेलेला. काळी बुरशी आली किंवा आंबूस वास सुटला तर माल भेसळीचा किंवा तुमचा हात स्वच्छ नव्हता. यंदा चार पुडे आणले, त्यातले दोन मेलेले निघाले. आमच्या घरात फ्रिजवर अशा पिशव्या असतात. आई म्हणते, बाप भात पिकवायचा, पोरगा भात नासवतो.

दुकानदारांनाही याच ओघात एक सांगणं : पुडा रासायनिक बाटल्यांच्या रॅकवर काचेतून ऊन येईल तिथे ठेवू नका. आणि कमिट्यांनो, जैविक म्हणून आणलेल्या बाटलीने दोन तासांत किडे पटापट पडले तर खूश होऊ नका. बुरशी दोन तासांत कुणाला मारत नाही. त्या बाटलीत दुसरंच काहीतरी आहे. लेबलवर नोंदणी क्रमांक, बुरशीचं पूर्ण नाव, बीजाणूंची संख्या, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख एवढं आहे का बघा. बुरशीसुद्धा कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदवावी लागते, हिरव्या पानाचं चित्र पुरत नाही.

तिसरी तक्रार शब्दांची, आणि ती जरा गमतीची आहे. जास्वंदीच्या कुंपणावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की तुम्ही मला फोन करता, "झाडांना बुरशी लागली." ती बुरशी नसते, तो पिठ्या ढेकूण असतो. अंगावर मेणाची पांढरी भुकटी घेऊन बसलेला किडा. त्यावर तुम्ही परस्पर बुरशीनाशक मारायला लावता, किड्याला त्याचं काही होत नाही. मग मी त्या किड्यावर खरीखुरी बुरशी सोडतो, व्हर्टिसिलियम लेकॅनी, तर ती आदल्या आठवड्याच्या बुरशीनाशकाने मरते. किडा दोन्हीकडून सुखी. भिंग घेऊन बघा एकदा, पुंजक्याला काडीने डिवचलं की पाय हलतात.

चौथी तक्रार मला हसत सांगता येणार नाही. पेस्ट कंट्रोलवाला आला त्या दिवशी माझं कंत्राट अजून रद्द झालं नव्हतं, माझा माळी सकाळपासून तिथे होता. त्याला सांगितलं, पाइप धर. हातमोजे नाहीत, मास्क नाही, पायात स्लीपर. वाऱ्याने फवारा अंगावर येत होता. रात्री तुर्भ्याला घरी गेल्यावर उलट्या, घामाने अंथरूण भिजलं, तोंडाला लाळ. डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. रात्रभर ठेवून घेतलं. आता बरा आहे. बिल मी भरलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, तो माझा माणूस आहे. पण दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा उत्तर आलं की त्याने आधी काही खाल्लं असेल, गटारी होती ना. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हाही आधी त्यांच्याच चुका काढल्या गेल्या होत्या. इथे शेत नाही, लॉन आहे, एवढाच फरक. लॉनवर पीक नसतं, कर्ज नसतं, उपासमार नसते. तिथे एवढ्या विषाची घाई कशासाठी?

पाचवी. तुमच्या मागचा नाला कुठे जातो ते तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? तो खाडीत जातो. माझा चुलता अजून तिथे ओहोटीला निवट्या आणि चिंबोऱ्या धरतो. क्लोरपायरीफॉस माशांना घातक आहे आणि कोलंबी-खेकड्यांना तर फारच, कारण ते किड्यांचेच दूरचे भाऊबंद. युरोपीय संघाने त्याची मान्यता २०२० मध्ये काढून घेतली. तुम्ही हिवाळ्यात पाहुण्यांना गॅलरीतून फ्लेमिंगो दाखवता, फोटो लावता. ते पक्षी त्याच चिखलात चोच घालून खातात.

जाता जाता, तुमची सोसायटी उभी आहे तिथे आमच्या आजोबांची खाजणाची शेती होती. नवी मुंबई वसवायला सिडकोने ती घेतली, त्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून आमच्या मागच्या पिढीने भांडून घेतलं, तो हिशेब तुमच्याशी नाही. एवढंच सांगायचंय की या मातीला मी परका नाही आणि तिच्यावर उगाच प्रयोग करायची मला हौसही नाही.

बुरशीला काय जमत नाही, तेही माझ्याच तोंडून ऐका. घरातल्या झुरळांसाठी, बिल्डिंगच्या वाळवीसाठी मला बोलावू नका. मार्च ते मे उघड्या झुडपांवर तिचा भरवसा धरू नका. एका फवाऱ्यात काम होत नाही, दोन-तीन लागतात. भुकटी नाकात गेली तर दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो, म्हणून मारणाऱ्याने मास्क लावायचा आणि तासभर मुलांना लांब ठेवायचं. मधमाश्या फुलांवर असताना मारायची नाही. आणि कीड हाताबाहेर गेली असेल तर मी स्वतः सांगेन की आता रसायन वापरू, पण त्या चट्ट्यापुरतं, मोजून, पाऊस नसताना.

माझ्या मागण्या आता.

कंत्राटातून "दर पंधरा दिवसांनी फवारणी" हे कलम काढा. कीड दिसली, मोजली, तर औषध. नसेल तर नाही, आणि त्या महिन्याचा औषधाचा पैसा मला नको.

जैविक औषधासाठी संध्याकाळी साडेपाचनंतरची वेळ द्या, निदान पावसाळ्यात. क्लबहाऊसच्या जुन्या फ्रिजमध्ये खालचा एक कप्पा द्या, कुलूप लावून. त्यात आईस्क्रीम ठेवू नका म्हणजे झालं.

रसायन मारायचं ठरलं तर आदल्या दिवशी प्रत्येक लिफ्टमध्ये औषधाच्या नावासह नोटीस लावा. मारणाऱ्याला हातमोजे, मास्क आणि बूट दिल्याशिवाय मशीन सुरू होऊ देऊ नका, मग तो माझा माणूस असो की दुसऱ्याचा. जैविक औषधाचा बोर्ड मी लावेन, तो शब्द माझा.

बुरशीनाशक आणि मित्रबुरशी एकाच आठवड्यात, एकाच पंपातून मारायला कुणालाही सांगू नका. टाकी धुतलेली असली तरी.

आणि ज्या सोसायटीने मला काढलं, त्यांच्याकडे एकच मागणं आहे. कंत्राट परत द्या असं मी म्हणत नाही. "अशास्त्रीय" हा शब्द सर्क्युलरमधून मागे घ्या, कारण तो शब्द दाखवून दुसऱ्या दोन कमिट्यांनी माझी कोटेशनं बाजूला ठेवली आहेत. आणि माळ्याच्या दवाखान्याचं बिल माझ्याकडे आहे, ते नजरेखालून घाला.

तुमच्या लॉनचा नाल्याकडचा कोपरा त्या दिवशी पाइप पुरला नाही म्हणून सुटला होता. पेस्ट कंट्रोलवाल्याने तिथे औषध टाकलेलं नाही, माझ्या माळ्याने पाहिलंय. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी खुरपं आणि भिंग घेऊन येतो. कमिटीतले कुणीही दोघे या, तिथली माती आणि मधल्या लॉनची माती शेजारी शेजारी उकरून अळ्या मोजू. वॉचमनला तेवढं सांगून ठेवा, त्याच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावावर अजून काट मारलेली आहे.

आपला,
एक बागकाम कंत्राटदार,
करावे, नवी मुंबई